आत बिऱ्हाड आहे

सिंधुदुर्गातल्या एका देवराईत, भाद्रपदातल्या उघडिपीच्या सकाळी, मी एका जुन्या बेहड्याला टेकून उभा होतो. छातीइतक्या उंचीवर त्याची एक जाड फांदी कधीतरी मोडली होती. मोडलेल्या जागी लाकूड कुजत कुजत परातीएवढी ढोली झाली होती आणि ती पावसाने काठोकाठ भरली होती. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस, वर दोनचार पानं तरंगत होती. किती खोल आहे ते बघावं म्हणून मी बाही वर सारली, तेवढ्यात मागून देवराईचे गुरव म्हणाले, "हात घालू नकात. आत बिऱ्हाड आसा."

साप असेल असं समजून मी मागे सरलो. गुरवांनी मान हलवली आणि नुसतं बघत राहायला सांगितलं. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागला. मग दिसू लागलं. डासांच्या अळ्या शेपटाकडची नळी पाण्याच्या पापुद्र्याला टेकवून, डोकं खाली करून लटकल्या होत्या. बुडालेल्या एका पानाचा कोपरा हलला. त्याच्याखाली एक चपटी, तपकिरी अळी पानाचा मऊ झालेला गर खरवडत होती. तेवढ्यात बाजूला काडीसारखी निश्चल पडलेली एक जाड, काळपट लाल अळी झटक्यात वळली आणि लटकलेल्या अळ्यांपैकी एक नाहीशी झाली. पुन्हा सगळं शांत. परातीएवढ्या जागेत चरणारे होते, गाळून खाणारे होते आणि शिकारीही होता.

गुरवांनी वापरलेला 'बिऱ्हाड' हा शब्द त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेला नाही. ढोली म्हणजे झाडाची जखम, कुजकी जागा, असंच तोवर मी धरून चाललो होतो. तिथे कोणी राहतं, तिथे घर मांडलेलं असतं, हे त्या एका शब्दाने सांगितलं. हे पुस्तक म्हणजे त्या बिऱ्हाडाची ओळख करून देण्याचा प्रयत्न आहे.

वनस्पतींनी आपल्या अंगावर धरून ठेवलेल्या अशा पाण्याला शास्त्रात 'फायटोटेलमाटा' म्हणतात. ग्रीक भाषेत फायटॉन म्हणजे वनस्पती आणि टेल्मा म्हणजे डबकं. लुडविग वार्गा या हंगेरियन अभ्यासकाने १९२८ साली हे नाव रूढ केलं. मराठीत यासाठी मी 'झाडकुंड' हा शब्द योजला आहे. डबकं म्हटलं की घाण डोळ्यांपुढे येते आणि तळं म्हटलं की पैस फार मोठा होतो. कुंड मात्र लहान असतं, चारी बाजूंनी बांधलेलं असतं आणि त्यात हात घालताना माणूस जरा थांबतो. मला तेच हवं होतं.

झाडकुंडांचे ढोबळ पाच प्रकार मानले जातात. पहिला, झाडाच्या ढोलीत साचलेलं पाणी. दुसरा, बांबूच्या पेरातलं पाणी: पोकळ बांबू तोडला की खुंटाचं वरचं पेर पेल्यासारखं उघडं राहतं आणि पहिल्याच पावसात भरतं. तिसरा, पानांच्या बेचक्यातलं पाणी. अळू, केळ आणि केवडा यांची पानं जिथे खोडाला बिलगतात तिथे घोट-दोन घोट पाणी हमखास सापडतं. चौथा प्रकार म्हणजे घटपर्णी. तिच्या पानाचाच घडा होतो. भारतात ती रानात उगवते ती फक्त मेघालयाच्या टेकड्यांत आणि तिचं शास्त्रीय नावही खासी टेकड्यांवरून पडलं आहे. पाचवा प्रकार अमेरिका खंडातल्या ब्रोमेलियाड कुळाचा. या कुळातल्या कित्येक वनस्पती दुसऱ्या झाडांवर वाढतात आणि पानांच्या गुंफणीत टाकीसारखं पाणी साठवतात. हे कुळ आपल्याला वाटतं तेवढं परकं नाही. पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आलेला आणि गोव्या-कोकणात रुजलेला अननस त्याच कुळातला आहे. पावसाळ्यात त्याच्या पानांच्या मुळाशी डोकावून पाहिलं, तर तिथेही पाणी आणि त्यात वळवळणारी अळी दिसते.

या पाण्याकडे आधी गंभीरपणे पाहिलं गेलं ते ब्रोमेलियाडमुळेच. जर्मनीतून ब्राझीलमध्ये जाऊन स्थायिक झालेले आणि डार्विनशी दीर्घ पत्रव्यवहार असलेले निसर्गअभ्यासक फ्रिट्झ म्युलर यांनी १८८०च्या सुमारास ब्रोमेलियाडच्या पाण्यात राहणाऱ्या एका शिंपलेवजा कवचाच्या सूक्ष्म प्राण्याचं वर्णन केलं. असले प्राणी तळ्या-समुद्रात असायचे. झाडाच्या शेंड्यावर ते कुठून आले, हा प्रश्न तेव्हापासून उभा राहिला. पुढे कोस्टारिकाचे क्लोदोमिरो पिकादो यांनी ब्रोमेलियाडमधल्या जीवसृष्टीवर प्रबंध लिहिला. तो १९१३ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. रानातल्या हजारो ब्रोमेलियाडचं पाणी एकत्र धरलं, तर ती तुकड्यातुकड्यांनी झाडांवर टांगलेली एक मोठी दलदलच ठरते, ही दृष्टी त्यांनी दिली.

म्युलर यांच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षं लागली. ब्राझीलमध्येच अभ्यासकांना बेडकांच्या कातडीला चिकटलेले हे कवचधारी प्राणी सापडले. बेडूक एका ब्रोमेलियाडमधून उठतो, दुसऱ्यात जाऊन बसतो आणि अंगावरचे प्रवासी तिथे उतरतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं असं आपण म्हणतो. इथे एकाचं बिऱ्हाड दुसऱ्याच्या पाठीवर असतं.

ढोलीतल्या पाण्याची बाजू प्रामुख्याने रॉजर किचिंग यांनी उलगडली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डजवळच्या वायथम वुड्स या रानात बीच वृक्षांच्या ढोल्या तपासत त्यांनी सुरुवात केली आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या पर्जन्यवनांतल्या ढोल्यांशी त्यांची तुलना केली. अशा अभ्यासाचं मोल कशात आहे? एखाद्या तलावात कोण कोणाला खातं हे पुरतं समजायला आयुष्य अपुरं पडतं. ढोलीला मात्र काठ आहे, तळ आहे, आणि तिच्यातले सगळे रहिवासी एका बैठकीत मोजता येतात. शिवाय एकाच रानात अशा पन्नास ढोल्या मिळतात. निसर्गातलं एक पूर्ण गाव, वेशीसकट, ओंजळीत धरून बघायची सोय इतरत्र नाही.

या गावाची अर्थव्यवस्था पानावर चालते. ढोलीत ऊन जेमतेम पोचतं, त्यामुळे शेवाळ फारसं वाढत नाही. अन्न येतं ते वरून, गळलेल्या पानाच्या रूपात. खोडावरून ओघळत येणारं पावसाचं पाणी सालीवरची धूळ, विष्ठा आणि क्षार आत आणतं. पान भिजतं, त्याचा तांबूस अर्क पाण्यात उतरतो आणि त्यावर जिवाणू-बुरशीचा बुळबुळीत थर चढतो. भुंगेऱ्याच्या चपट्या अळ्या हा थर पानासकट कुरतडतात. त्यांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून जो बारीक भुगा पाण्यात मिसळतो, तो डासांच्या अळ्या तोंडाजवळच्या केसाळ कुंच्यांनी गाळून घेतात. एकाची उष्टावळ हे दुसऱ्याचं ताट. इंग्लंडच्या ढोल्यांत ही साखळी बहुधा इथेच थांबते. उष्ण प्रदेशात तिच्यावर शिकाऱ्यांची आणखी पायरी चढते. बेहड्याच्या ढोलीत मी पाहिलेली जाड अळी टॉक्सोरिन्कायटीस या वंशातल्या डासाची होती. हा डास आकाराने एवढा मोठा की त्याला हत्ती डास म्हणतात. अळीपणी तो इतर डासांच्या अळ्या खातो आणि मोठा झाल्यावर फुलांतल्या मधावर जगतो. त्याची मादीसुद्धा कधीच रक्त पीत नाही.

मध्य अमेरिकेत या पायरीवर चतुराच्या भाऊबंदाचं, म्हणजे टाचणी या कीटकाचं पिल्लू असतं. हेलिकॉप्टर टाचणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, जगातल्या सर्वांत लांब पंखांच्या टाचणीचं बालपण ढोलीतच जातं. तिचे नर मोठ्या ढोल्यांवर पहारा करतात, कारण मोठी ढोली म्हणजे जास्त पिल्लं जगण्याची शक्यता. पिल्लं एकमेकांनाही सोडत नाहीत. लहान ढोलीतून बहुधा एकच टाचणी बाहेर पडते. आपल्या सह्याद्रीतही ढोलीत अंडी घालणारे चतुर आहेत. लायरिओथेमिस ट्रायकलर हा त्यांतला एक.

सह्याद्रीतल्या झाडकुंडांची खरी परीक्षा मात्र पावसाळा संपल्यावर सुरू होते. आंबोलीसारख्या ठिकाणी चार महिन्यांत सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मग जवळजवळ आठ महिने कोरडे जातात. पानांच्या बेचक्यातलं पाणी आश्विनातच आटतं. बांबूची पेरं त्यानंतर. ढोली किती टिकेल हे तिच्या खोलीवर, तोंडाच्या रुंदीवर आणि वरच्या सावलीवर ठरतं. बेहड्याच्या त्या ढोलीबद्दल गुरवांनी सांगितलं होतं, "ह्या पाणी चैतापर्यंत ऱ्हवता." चैत्रापर्यंत टिकणारी ढोली आणि दिवाळीला आटणारी ढोली यांतले रहिवासी वेगळे असतात. ज्यांना अळीपणात बरेच महिने काढायचे असतात, त्यांना खोल ढोलीच लागते. बाकीच्यांनी कोरड्या दिवसांवर आपापले तोडगे काढले आहेत. एडिस डासाची मादी पाण्याच्या रेघेच्या जरा वर, ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते. ती कोरडी पडूनही महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. रोटिफर या सूक्ष्म प्राण्यांच्या कित्येक जाती अंग आकसून, वाळून, धुळीच्या कणासारख्या पडून राहतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की दोनतीन दिवसांत कोरडी ढोली पुन्हा गजबजते, त्यामागे ही आधीपासून ठेवलेली पुंजी असते.

झाडकुंडात मासे नसतात. बेडकासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण त्याची अंडी-पिल्लं फस्त करणारा मोठा शत्रूच तिथे नाही. पण या सुरक्षिततेची किंमत भूक असते. एवढ्याशा पाण्यात पिल्लाने खायचं काय? या प्रश्नावर दोन खंडांतल्या बेडकांनी, एकमेकांशी जवळचं नातं नसताना, एकच उत्तर शोधलं. मध्य अमेरिकेतला लालचुटुक विषारी बेडूक ऊफागा प्युमिलियो. त्याची मादी आपली पिल्लं पाठीवरून एकेक करून वेगवेगळ्या वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यांत नेऊन सोडते आणि मग दर काही दिवसांनी तिथे जाऊन पिल्लाला खायला निष्फळ अंडी घालते. आपल्या ईशान्य भारतातला फ्रँकिक्सॅलस जर्डोनी हा बेडूक ढोलीत राहतो. निसर्गअभ्यासक जर्डन यांनी गोळा केलेल्या दार्जिलिंगच्या नमुन्यांवरून १८७६ साली त्याचं वर्णन झालं, त्यानंतर तो हरवला असंच मानलं गेलं. बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा शोधून २०१६ साली त्याची नवी ओळख जगापुढे ठेवली. तो सापडला त्यांतल्या काही ढोल्या जमिनीपासून सहा मीटर उंचीवर होत्या. आतल्या शेपटीवाल्या पिल्लांच्या पोटात सापडली ती आईने घातलेली अंडीच. जवळजवळ दीड शतक हा प्राणी आपल्याला दिसला नाही, कारण आपण बेडूक शोधताना खाली बघतो.

दक्षिण सह्याद्रीतल्या एका चिमुकल्या बेडकाने याच्याही पुढचं पाऊल टाकलं आहे. राओर्चेस्टेस कॅलॅझोडीस बांबूच्या पेराला पडलेल्या अरुंद फटीतून आत शिरतो. मादी आत अंडी घालते, नर त्यांची राखण करतो. अंड्यांतून शेपटीवालं पिल्लू बाहेर पडतच नाही. थेट चार पायांचा बेडूक निघतो. त्याने पेराचं छप्पर ठेवलं आणि पाण्याची गरज सोडून दिली.

आईपणाची सर्वांत थक्क करणारी गोष्ट मात्र खेकड्याची आहे. जमैकात ब्रोमेलियाडच्या पाण्यात राहणारा मेटोपॉलियास नावाचा दोनेक सेंटिमीटरचा खेकडा आहे. रुडॉल्फ डीझल या अभ्यासकाने त्याच्यावर बारकाईने काम केलं. कुजणाऱ्या पानांनी हे पाणी आम्ल होतं, त्यात प्राणवायू कमी पडतो आणि कवच घडवायला लागणारं कॅल्शियम तर जवळपास नसतंच. मादी पिल्लांसाठी निवडलेल्या बेचक्यातली कुजकी पानं उपसून बाहेर टाकते. मग रिकामे गोगलगायींचे शंख शोधून आणते आणि पाण्यात टाकते. शंख विरघळतो, आम्लता उतरते, कॅल्शियम मिळतं. पिल्लांवर टपलेल्या टाचणीच्या पिल्लांना ती हाकलते आणि पिल्लांना खाऊ आणून घालते. आपल्याकडेही झाडावरचा खेकडा आहे. केरळच्या डोंगरात उंच झाडांच्या पाणी भरलेल्या ढोल्यांत तो राहतो. २०१७ साली त्याला कानी मरंजंडू हे शास्त्रीय नाव मिळालं. मल्याळममध्ये 'मरंजंडू'चा अर्थ झाडावरचा खेकडा. नावातलं 'कानी' हे तिथल्या आदिवासी समाजाचं नाव आहे. त्यांना तो आधीपासून ठाऊक होता, आणि हे नावातच नोंदवलं गेलं याचा मला फार आनंद वाटतो.

आता डासांबद्दल सरळ बोललं पाहिजे, कारण वाचकाच्या मनात तो प्रश्न असणारच. डेंग्यूचा वाहक एडिस इजिप्ती हा मूळचा आफ्रिकेच्या रानातला, ढोलीत वाढणारा डास. माणसाने पाणी साठवायला सुरुवात केली तेव्हा तो ढोली सोडून रांजणात आला आणि गुलामांच्या व्यापारी जहाजांतल्या पाण्याच्या पिंपांतून अमेरिकेत पोचला. त्याचा आशियाई भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस हाही ढोली-बांबूतलाच. १९८५ साली तो अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये स्थिरावलेला आढळला; जुन्या टायरांच्या व्यापारातून तो सगळीकडे पसरला. टायर म्हणजे डासाच्या नजरेने ढोलीच आहे. गोल, अंधारी, पावसाने भरणारी, दोन पानं पडली की पुरे. फरक इतकाच की गच्चीवरच्या टायरात हत्ती डासाची अळी नसते, टाचणीचं पिल्लू नसतं. ढोलीत बिऱ्हाडं अनेक आहेत म्हणून तिथे कोणा एकाचं राज्य होत नाही. आपण लाखो रिकाम्या ढोल्या बनवून घराभोवती मांडल्या आणि त्यांत एकच भाडेकरू ठेवला. वस्तीला लागून असलेल्या झाडाच्या ढोलीत डास होत असतील तर तिथे वाळू भरायला माझी हरकत नाही, साथीच्या दिवसांत ते करावंच लागतं. पण आधी कूलर, टाक्या, कुंड्यांखालच्या बशा आणि टायर रिकामे करावेत. रानातल्या आणि देवराईतल्या ढोलीला मात्र हात लावू नये.

झाडकुंडातल्या एका डासाने तर आपल्याला फार मोठी गोष्ट शिकवली आहे. उत्तर अमेरिकेतल्या घटपर्णीच्या पाण्यात वायोमिया स्मिथी हा डास वाढतो. दिवस लहान होऊ लागला की त्याची अळी हिवाळी झोपेची तयारी करते. विल्यम ब्रॅडशॉ आणि क्रिस्टिना होल्झॅपफेल यांनी १९७२ ते १९९६ या काळातल्या नोंदी पडताळून २००१ साली दाखवलं की ही झोप आता अधिक लहान दिवसांवर, म्हणजे उशिराने लागते आणि हा बदल आनुवंशिक आहे. हवामान तापतं आहे हे पानाच्या घड्यातल्या या अळीच्या रक्तात उतरलं होतं.

ढोली तरण्या झाडाला सहसा नसते. फांदी मोडावी लागते, जखम भरण्याआधी कूज आत उतरावी लागते आणि मग लाकूड पोखरलं जायला अनेक वर्षं जावी लागतात. लावलेल्या रोपांच्या आकड्यांनी ही भरपाई होत नाही. आज लावलेला बेहडा आपल्या नातवंडांच्या काळात कदाचित पहिली ढोली धरेल. महाराष्ट्रात अशी म्हातारी झाडं मोठ्या संख्येने उरली ती देवरायांत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून त्यांचं महत्त्व आपल्याला पटलं आहे. पण देवराई राखली असं म्हणत तिथेच 'सफाई' केली जाते. पोकळ झाड धोक्याचं म्हणून तोडतात, ढोलीत सिमेंट ओततात. माझ्या घरामागच्या रस्त्यावरच्या एका वडाची ढोली अशीच चांगल्या हेतूने बुजवली गेली. झाड वाचावं म्हणून ते केलं होतं, पण सिमेंटने कूज थांबत नाही आणि झाडांची निगा राखणारे जाणकारही आता तसं करू नये असंच सांगतात. त्या वडावर पावसाळ्यात येणारा एक चतुर मला नंतर दिसला नाही.

या पुस्तकाची मांडणी पाण्याच्या आयुष्यमानाप्रमाणे केली आहे. आधी पानांची बेचकी, मग बांबूची पेरं, मग घटपर्णी आणि ब्रोमेलियाड, शेवटी ढोल्या. प्रत्येक भागात तिथले रहिवासी, त्यांचं खाणं आणि त्यांचं येणंजाणं एवढंच आहे. शाळकरी मुलामुलींनाही स्वतः बघता यावं म्हणून शेवटी निरीक्षणाची रीत दिली आहे. त्यासाठी एक भिंग, एक ड्रॉपर आणि पांढरी बशी पुरते. नियम एकच: थेंबभर पाणी घ्यावं, बघावं आणि त्याच ढोलीत परत सोडावं. ढोली उपसू नये. वर्षानुवर्षं जमलेला तळाचा गाळ ही त्या घराची कोठी आहे.

सुरुवात करायला देवराईत जायला हवं असंही नाही. श्रावणात वड्यांसाठी परसातला अळू कापायला गेलात, तर पान देठापासून तोडण्याआधी क्षणभर थांबा. देठ जिथे खोडाला मिठी मारतो त्या खोबणीत पाणी असेल. त्यात कदाचित मलाया या वंशातल्या डासाची अळी असेल. या डासाच्या जाती भारतातही आहेत आणि अळूच्या बेचक्यात वाढतात. मोठा झाल्यावर हा डास आपल्याला चावत नाही. झाडाच्या खोडावर मुंग्यांच्या वाटेत तो थांबतो, जाणाऱ्या मुंगीला अडवतो आणि तिच्या तोंडात सोंड घालून तिच्याकडचा गोड थेंब पितो. एवढी मोठी गोष्ट त्या चमचाभर पाण्यात सुरू होत असते. पान जरूर तोडा, वड्याही करा. पण ते पाणी झटकून टाकण्याआधी त्यात डोकावून बघा, आणि शेजारी कोणी मूल उभं असेल तर त्याला सांगा, आत बिऱ्हाड आहे.